डॅन्यूब जेथे हरवते : पस्तीस किलोमीटरांच्या नदीकाठाची सफर

नदीच्या काठाने चालत जाणाऱ्या माणसाला वाट चुकण्याची भीती नसते. पाणी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला चालत राहिले, की पुढचे गाव येतेच. पण चालता चालता नदीच नाहीशी झाली तर? पात्र आहे, काठ आहेत, काठावरची झाडे आहेत, पूलही आहे, आणि पुलाखाली मात्र पांढरे धोंडे उन्हात तापत पडले आहेत! आपल्याकडे उन्हाळ्यात असे दृश्य नवे नाही. परंतु ही नदी वरच्या अंगाला दोन-तीन किलोमीटरांवर चांगली भरून वाहत असेल, तर तुम्ही काय म्हणाल?

असा प्रकार पाहायचा असेल तर दक्षिण जर्मनीतील डोनाउएशिंगेन ते टुटलिंगेन या दोन गावांमधील वाट धरावी लागेल. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. बाजूने वाहणारी नदी म्हणजे युरोपातील प्रसिद्ध डॅन्यूब. जर्मन लोक तिला डोनाउ म्हणतात. काळ्या अरण्यातून, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधून, ब्रेग आणि ब्रिगाख या दोन लहान नद्या येतात. डोनाउएशिंगेनजवळ त्यांचा संगम होतो आणि तेथून पुढे डॅन्यूब हे नाव सुरू होते. दहा देशांना स्पर्श करीत, सुमारे २,८५० किलोमीटर प्रवास करून ही नदी काळ्या समुद्राला मिळते. या लांबलचक प्रवासातील अगदी पहिले पस्तीस किलोमीटर आपण पाहणार आहोत. पायी निघालात तर ताशी ५ किलोमीटर वेगाने सात तास लागतील. सायकलने ताशी १५ किलोमीटर धरले तर अडीच तास पुरेत.

उतार आहे, पण जाणवत नाही

संगमाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटर आहे व टुटलिंगेनची सुमारे ६४५ मीटर. म्हणजे पस्तीस किलोमीटरांत नदी जेमतेम ३० मीटर खाली उतरते. हा उतार झाला सुमारे १,१७० मीटरांस १ मीटर.

नदीबरोबर जाणारा सायकलस्वार उतारावरून चालला आहे हे खरे. मग त्याला पायडल न मारता जाता येईल काय? हिशेब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर वजन झाले सुमारे ७८४ न्यूटन. एवढ्याशा उतारावर त्याला पुढे ओढणारे बल या वजनाचा १,१७० वा हिस्सा, म्हणजे ०.६७ न्यूटन. एका मोठ्या लिंबाचे वजन साधारण एवढेच असते! याउलट चाकांचे रस्त्याशी घर्षण सुमारे ४ न्यूटन आणि ताशी १५ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे ५ न्यूटन. नऊ न्यूटनांच्या विरोधापुढे लिंबाएवढ्या बलाचे काय चालणार? उतार आहे, पण पायांना त्याचा पत्ता लागत नाही. समोरून थोडा वारा सुटला, की उतारावरही चढण चढल्यासारखे वाटते. नदीला मात्र हाच उतार पुरेसा असतो, कारण तिला चाके नाहीत आणि घाईही नाही.

आता सायकल आणि पायी चालणे यांची तुलना करू. एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखात निरनिराळे प्राणी व वाहने यांना प्रवासासाठी किती ऊर्जा लागते याचा आढावा घेतला होता. चालणाऱ्या माणसाला दर ग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे ०.७५ कॅलरी लागते, तर सायकलवरच्या माणसाला फक्त ०.१५ कॅलरी, असे त्यात दाखविले होते. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला या हिशेबाने ३५ किलोमीटर चालायला सुमारे १,५७५ किलोकॅलरी लागतील आणि सायकलने सुमारे ३१५. एका मध्यम भाकरीतून दीड-दोनशे किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर चालणाऱ्याला आठ-दहा भाकरी आणि सायकलवाल्याला दोन!

एवढा फरक कशामुळे? चालताना दर पावलाला आपले शरीर थोडे वर उचलले जाते आणि पुन्हा खाली येते. समजा, हे उचलणे दर पावलाला ४ सेंटिमीटर आहे आणि पाऊल ७० सेंटिमीटरांचे आहे. पस्तीस किलोमीटरांत पावले झाली ५०,००० आणि एकूण उचल झाली २,००० मीटर. आपले कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. सपाट वाटेने चालणारा माणूस नकळत त्याहूनही अधिक उंची चढून जातो. खाली येताना या श्रमाचा काही भाग परत मिळतो, पण सगळा नव्हे. सायकलवर मात्र शरीराचा भार बैठकीवर असतो. तो वरखाली होत नाही.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. आपली वाट ज्या जुन्या बाडेन राज्यातून जाते, त्याच राज्यात सायकलीचा जन्म झाला. कार्ल ड्राइस याने १८१७ साली मानहाइम गावाबाहेर आपली दोन चाकांची लाकडी ‘धावगाडी’ चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते, पायांनी जमीन रेटावी लागे. पण वजन गाडीवर टाकायचे आणि पायांनी फक्त पुढे ढकलायचे, ही मुख्य युक्ती त्याने ओळखली होती.

नदी कोठे गेली?

डोनाउएशिंगेनहून निघाल्यावर बार नावाच्या पठारावरची मोकळी कुरणे लागतात. प्फोरेन, नॉयडिंगेन, गुटमाडिंगेन, गायझिंगेन अशी गावे मागे पडतात. नदी संथ, वळणे घेत बरोबर येत असते. इम्मेंडिंगेन गाव मागे टाकले, की दरी अरुंद होते आणि काठावर फिकट रंगाचा खडक दिसू लागतो. आपली नदी येथेच हरवते.

ती एकदम धबधब्यासारखी खड्ड्यात कोसळत नाही. पात्राच्या तळाला आणि कडेला असलेल्या भेगांतून, धोंड्यांच्या फटींतून पाणी गुपचूप मुरत जाते. काही ठिकाणी भोवरे दिसतात, कोठे कोठे पाणी आत जाताना आवाजही येतो. पूर असेल तेव्हा बरेचसे पाणी पुढे जाते. पण उन्हाळ्यात आणि पाऊस कमी असेल तेव्हा सगळी नदी येथेच संपते. संपूर्ण नदी जमिनीत गेल्याची पहिली नोंद १८७४ सालची आहे. त्यानंतरच्या काळात सरासरीने वर्षातील दीडशेहून अधिक दिवस पात्र कोरडे पडत आले आहे. अशा दिवशी पुढच्या मोहरिंगेन आणि टुटलिंगेन गावांपाशी जी ‘डॅन्यूब’ दिसते, तिच्यातले पाणी वरून आलेले नसते. ते क्रेहेनबाख आणि एल्टा या दोन छोट्या प्रवाहांनी आणून दिलेले असते.

याचे कारण त्या फिकट खडकात आहे. तो आहे चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हे थर साचले. शुद्ध पाण्यात चुनखडक फारसा विरघळत नाही. पण पावसाचे पाणी हवेतून व विशेषतः मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी कॅल्शियम कार्बोनेटचे रूपांतर कॅल्शियम बायकार्बोनेटमध्ये करते आणि हे पाण्यात विरघळते. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी भेग पुरुषभर उंचीची गुहा होते. त्यासाठी लागतात ती हजारो-लाखो वर्षे, आणि निसर्गाला त्यांची टंचाई नाही.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा आहे. तो असा विरघळत नाही. म्हणून आपली नदी उन्हाळ्यात आटते ती पाणीच कमी झाल्यामुळे. भर प्रवाह अचानक जमिनीत गडप होणे हा प्रकार गोदावरी किंवा कृष्णेच्या काठी आपल्याला दिसत नाही.

आखचा रांजण

डॅन्यूब जेथे हरवते त्याच्या दक्षिणेला, सुमारे १२ किलोमीटरांवर, आख नावाचे छोटे गाव आहे. गावाजवळ निळसर-हिरव्या पाण्याचे एक खोल कुंड आहे. त्याचे नाव आखटॉप्फ, म्हणजे आखचा रांजण. या रांजणाच्या तळातून सेकंदाला सरासरी ८,००० लिटरांहून अधिक पाणी उसळून वर येते. जर्मनीतील हा सर्वांत मोठा झरा. येथे निघालेली आख नदी दक्षिणेकडे कॉन्स्टन्स सरोवराला मिळते. या सरोवरातून ऱ्हाइन वाहते आणि ऱ्हाइन जाते उत्तर समुद्राला.

म्हणजे प्रश्न साधा नाही. डॅन्यूबचे पाणी काळ्या समुद्राकडे जायचे, आखचे उत्तर समुद्राकडे. दोहोंच्या मध्ये युरोपाचा मोठा जलविभाजक आहे. नकाशावर तो डोंगरमाथ्यावरून काढलेला असतो. हरवलेली डॅन्यूब जर आखच्या रांजणात वर येत असेल, तर पाणी या जलविभाजकाच्या खालून पलीकडे जात आहे, असे म्हणावे लागेल. लोकांना तसा संशय होताच. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. आणि पुराव्याची गरजही निकडीची होती. दोन्ही नद्यांच्या काठच्या गिरण्या आणि कारखाने पाण्याच्या जोरावर चालत. डॅन्यूबकाठच्या लोकांना वाटे, भेगा बुजवून टाकाव्यात. आखकाठच्या लोकांना भीती, की तसे केले तर आपली चाके थांबतील.

तीन साक्षीदार

कार्ल्सरूह येथील प्राध्यापक आडोल्फ क्नोप यांनी १८७७ च्या शरद ऋतूत या वादाचा निकाल लावला. त्यांची पद्धत इतकी सरळ होती, की ती शाळेतही समजावी. पाणी जेथे आत जाते तेथे ओळखू येईल असा पदार्थ टाकायचा आणि तो रांजणातून बाहेर येतो का ते पाहायचे. त्यांनी एक नव्हे, तीन पदार्थ वापरले : कित्येक टन मीठ, दगडापासून काढलेले उग्र वासाचे शेल तेल, आणि दहा किलोग्रॅम फ्लुओरेसीन हा रंग.

तीन का? एका साक्षीदाराची चूक होऊ शकते. पण तीन निरनिराळ्या साक्षीदारांनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या मार्गांनी, एकच गोष्ट सांगितली तर तिच्याबद्दल शंका उरत नाही. तेल ओळखायचे वासाने आणि चवीने. मीठ ओळखायचे रासायनिक परीक्षेने. पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की क्लोराइडचा पांढरा साका बनतो, हा प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेतही करता येतो. रंग ओळखायचा डोळ्यांनी.

फ्लुओरेसीन तेव्हा अगदी नवे होते. आडोल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ साली प्रथम तयार केले. त्याचा गुण असा, की ते निळा प्रकाश शोषून घेते आणि थोड्या अधिक तरंगलांबीचा हिरवा प्रकाश बाहेर टाकते. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. साधा रंग प्रकाशाचा काही भाग नुसता गिळतो, म्हणून तो फार पातळ केला की दिसेनासा होतो. प्रतिदीप्त पदार्थ स्वतःचा वेगळा हिरवा प्रकाश देतो आणि तो काळसर पाण्याच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो.

किती पातळ झाला असेल हा रंग? समजा, सेकंदाला ८,००० लिटर पाणी वाहत होते आणि रंग ३६ तासांत बाहेर पडला. तेवढ्या वेळात बाहेर आलेले पाणी झाले १०० कोटी लिटरांच्या वर. त्यात दहा किलोग्रॅम रंग, म्हणजे एका लाख लिटरांत एक ग्रॅम! दहा हजार लिटरांचे दहा टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम रंग घाला. इतक्या विरळ अवस्थेतही रंगाचा माग लागावा, यातच फ्लुओरेसीनची करामत आहे.

साठ तासांनी आखच्या रांजणातले पाणी हिरवे चमकू लागले. त्याला मिठाची चव होती आणि तेलाचा वासही होता. तिन्ही साक्षीदार हजर! डॅन्यूबचे पाणी आखला येते, हे निर्विवाद सिद्ध झाले.

साठ तासांतून आणखी काय कळते?

वादाचा निकाल लागला, पण विज्ञानाचे काम तेथे थांबत नाही. ‘साठ तास’ या एका आकड्यातून आपल्याला जमिनीखालचे, कोणी न पाहिलेले जग थोडेसे मोजता येते. वही-पेन्सिल घ्या.

अंतर १२ किलोमीटर, वेळ ६० तास. वेग झाला तासाला २०० मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच सेंटिमीटर. ही जवळजवळ मुंगीची चाल झाली! आता उतार पाहा. पाणी आत शिरते ते ठिकाण सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर रांजण ४७५ मीटरांवर. म्हणजे १२ किलोमीटरांत १७५ मीटर घसरण, सुमारे ७० मीटरांस १ मीटर. काठावरच्या आपल्या वाटेच्या उताराच्या हा सुमारे सतरापट आहे. जमिनीवर एवढा उतार असता तर पाणी खळाळत धावले असते. मग ते मुंगीच्या चालीने का जाते?

नळाचे तोंड अंगठ्याने अरुंद केले की पाणी जोरात उडते, आणि तेच पाणी हौदात पडले की संथ होते, हे तुम्ही पाहिले आहे. प्रवाह सारखाच असेल, तर वाट जितकी रुंद तितका वेग कमी. सेकंदाला ८ घनमीटर पाणी सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर वेगाने जात असेल, तर वाटेचे क्षेत्रफळ हवे ८ भागिले ०.०५५, म्हणजे सुमारे १४४ चौरस मीटर. बारा मीटर रुंद आणि बारा मीटर उंच! ही एकच गुहा असेल असे नाही. शेकडो भेगा आणि पोकळ्या मिळून एवढी जागा असेल. खरी वाट वेडीवाकडी, म्हणून १२ किलोमीटरांहून लांब असणार. मग वेग थोडा जास्त आणि क्षेत्रफळ थोडे कमी येईल.

पण एक आकडा असा आहे, की जो वाट सरळ असो वा वाकडी, बदलत नाही. साठ तास म्हणजे २,१६,००० सेकंद. तेवढ्या वेळात ८ घनमीटर दराने जाणारे पाणी झाले सुमारे १७ लाख घनमीटर. एका क्षणी वाटेत एवढे पाणी ‘प्रवासात’ असले पाहिजे. म्हणजे या डोंगराच्या पोटात पाण्याने भरलेल्या एवढ्या पोकळ्या असल्या पाहिजेत. एक हेक्टर शेतावर हे पाणी उभे केले, तर त्याची उंची १७० मीटरांच्या वर जाईल. डोंगर न फोडता, आत न शिरता, फक्त घड्याळाच्या मदतीने हे कळले!

आणि या पोकळ्या अजून वाढत आहेत. समजा, डोंगराखालून जाताना दर लिटर पाणी केवळ २० मिलिग्रॅम चुनखडक बरोबर घेते. सेकंदाला १६० ग्रॅम, दिवसाला जवळजवळ १४ टन, वर्षाला सुमारे पाच हजार टन! म्हणजे दर वर्षी साधारण दहा वर्गखोल्यांएवढी नवी पोकळी. भेगा मोठ्या होतील तसे अधिक पाणी आत जाईल आणि अधिक पाणी गेले की भेगा आणखी मोठ्या होतील.

एक नदी दुसरीचे पाणी चोरते

भूगोलाच्या पुस्तकात ‘नदीचौर्य’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. अधिक तीव्र उताराची नदी आपल्या उगमाकडे खडक झिजवत मागे सरकते आणि शेजारच्या संथ नदीचे पाणी आपल्याकडे वळवून घेते. ऱ्हाइनने डॅन्यूबच्या बाबतीत हे पूर्वीही केले आहे. या वाटेच्या दक्षिणेला वाहणारी वुटाख नदी एके काळी डॅन्यूबची उपनदी होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ती वळली आणि ऱ्हाइनला जाऊन मिळाली. आज चोरी चालली आहे ती जमिनीखालून, एवढाच फरक.

चोर कोण हे उतारानेच ठरते. कॉन्स्टन्स सरोवराचे पाणी सुमारे ३९५ मीटर उंचीवर आहे आणि ते टुटलिंगेनपासून सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे. डॅन्यूबला तेवढे खाली उतरायला शेकडो किलोमीटर जावे लागते. पाण्याला जवळची आणि तीव्र उताराची वाट मिळाली, की ते तीच धरणार. भेगा अशाच वाढत राहिल्या, तर भविष्यात केव्हातरी डॅन्यूबचा हा वरचा भाग कायमचा ऱ्हाइनचा होईल, असे भूवैज्ञानिक मानतात.

माणसांचे भांडण मात्र तितका काळ थांबायला तयार नव्हते. त्या काळी पाणी शिरण्याची जागा आणि आखचा झरा बाडेन राज्यात होते आणि कोरडे पात्र वाट्याला येणारे टुटलिंगेन होते व्युर्टेंबर्ग राज्यात. प्रकरण लाइपझिगच्या राज्य-न्यायालयापुढे गेले. १९२७ साली न्यायालयाने सांगितले, की निसर्ग स्वतःहून जे करतो ते दोघांनीही सोसले पाहिजे. पण बाडेनने कृत्रिम उपायांनी पाणी मुरणे वाढवू नये आणि व्युर्टेंबर्गने कृत्रिम उपायांनी ते कमी करू नये. दोन राज्ये एकाच नदीवर अवलंबून असतील तर काय करावे, याबद्दलच्या चर्चेत हा निकाल पुढे वारंवार सांगितला गेला. १९५२ साली ही दोन्ही राज्ये एकाच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात सामील झाली. नदीला त्याचा काही पत्ता नाही. ती मुरतेच आहे.

वाट टुटलिंगेनला संपते. शस्त्रक्रियेची उपकरणे बनविणारे गाव म्हणून ते जगभर ओळखले जाते. तेथे पूल ओलांडताना खाली वाहणारे पाणी कोठून आले, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या नदीकाठी

क्नोप यांची युक्ती आजही जगभर वापरली जाते, अर्थात कमी मात्रेत आणि परवानगीने. मुंबई बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकल्यावर पुन्हा बंदरात येतो का, हे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी पदार्थाचा माग ठेवून तपासले होते. तत्त्व तेच : ओळखीची खूण करा, सोडून द्या, वेळ मोजा.

तुम्हीही असा प्रयोग करू शकता. मात्र विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत रंग वा रसायन मुळीच टाकू नका. ते पाणी कोणीतरी पीत असते. शिक्षकांबरोबर गावच्या ओढ्यावर किंवा कालव्यावर जा. काठावर वीस मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. मधोमध एक वाळलेले पान किंवा लिंबू सोडा आणि घड्याळ लावा. असे पाच वेळा करून सरासरी वेग काढा. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जलद वाहते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८ ने गुणा. ओढा उथळ असेल तर काठीने तीन-चार ठिकाणी खोली मोजा आणि रुंदी मोजून पात्राचे क्षेत्रफळ काढा. क्षेत्रफळ गुणिले वेग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी.

मग अर्धा किलोमीटर खाली चालत जा आणि हेच पुन्हा करा. दोन्ही आकडे सारखे आले तर ठीक. खालचा आकडा जास्त आला तर वाटेत झरे आहेत. कमी आला तर पाणी कोठेतरी जात आहे : शेतात, वाळूत, पंपात किंवा भेगेत. ते कोठे जाते हे शोधून काढणे तुमच्याकडे.